सातव्या मुद्द्यातले नाकतोडे

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. इतरांच्या घरी दिवाणाखाली जास्तीच्या गाद्या आणि भांडी असतात, आमच्याकडे सुतळीने बांधलेले गठ्ठे होते. गुलाबी, पिवळे, पोपटी, स्वस्तातले कागद. बाबा सातपूरच्या एका कारखान्यात कामाला होते आणि सुटीच्या दिवशी पत्रकं काढायचे. नळाला पाणी का येत नाही, शाळेने कुठली फी घेता कामा नये, बुवाच्या अंगाऱ्यात काय असतं. आई मजकूर तपासायची. मी घड्या घालायचे.

न अडखळता पूर्ण वाचलेलं माझं पहिलं पत्रक पालीवरचं होतं. पंचांगात पल्लीपतन आणि सरटारोहण असा एक भाग असतो. पाल कुठल्या अवयवावर पडली तर काय फळ, सरडा अंगावर चढला तर काय फळ, त्याची यादी. बाबांनी त्या यादीची यथेच्छ टिंगल केली होती आणि शेवटी जाड अक्षरात एकच ओळ छापली होती : पाल अंगावर पडली तर आधी तिला लागलं का ते बघा.

आमच्या घरात पत्रकांचे दोन नियम होते. पहिला, पत्रक दाराखालून सरकवायचं नाही. हातात द्यायचं आणि समोरचा काय बोलतो ते ऐकेपर्यंत उभं राहायचं, मग तो शिव्या का देईना. दुसरा नियम चुकांबद्दल होता : आपलं चुकलं तर ते प्रत्येक दारी जाऊन सांगायचं. एकदा बाबांनी फी माफीच्या अर्जाची शेवटची तारीख चुकीची छापली. लक्षात आलं त्याच संध्याकाळी ते निघाले आणि ज्या ज्या दारात पत्रक दिलं होतं त्या प्रत्येक दारात जाऊन तोंडाने सांगून आले, की माझं चुकलं, तारीख अलीकडची आहे. मी तेव्हा त्यांच्याबरोबर होते. एका माणसाने बाबांच्या तोंडावर दार आपटलं होतं. बाबा दाराशी वाकले, खाली पडलेली आमची पिशवी उचलली आणि पुढच्या दारी गेले. त्या दिवसाचा मला फार अभिमान वाटायचा. तो नियम कधी माझ्यावर येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

मोठी झाल्यावर मीही पत्रकं लिहू लागले. सरडा आमच्याकडे आला तो माझ्या रागामुळे. शेजारच्या इमारतीत एक संगणकवाला भाड्याने राहायचा. त्याची बदली बंगळूरला झाली. सामान उतरवताना त्याने काचेची पेटी जिन्यात ठेवली होती आणि पेटीत पिवळट तपकिरी, वीतभर अंगाचा आणि तेवढ्याच शेपटीचा, गळ्याखाली काट्यांची दाढी असलेला एक प्राणी माझ्याकडे एका डोळ्याने बघत होता. ऑस्ट्रेलियातल्या सरड्यांची ती जात. आता भारतात त्यांची पैदास करून विकतात.

"ह्याचं काय करणार?" मी विचारलं.

"पांडवलेण्याच्या डोंगरावर सोडतो. मस्त मोकळा राहील."

"मरेल तो तिथे. तुम्हाला कोणी सोडलं ऑस्ट्रेलियात, तर?"

"मला चालेल," तो हसला. "व्हिसा मिळत नाही, तोच प्रॉब्लेम आहे."

मी तिथल्या तिथे त्याला जिवंत जिवांच्या बाजारावर दहा मिनिटं सुनावलं. तो ऐकून घेत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मग तुम्ही घ्या ना." अशी काचेची पेटी, दिवा, थर्मामीटर आणि सरडा घेऊन मी तिसरा मजला चढले.

प्राणी पाळणं ही आमच्याकडे चैन समजली जायची. आईने पेटीकडे बघितलं आणि म्हणाली, "ह्याच्या दिव्याचं बिल कुठल्या तत्त्वात बसतं?"  दुसऱ्या दिवशी मी उठले तर बाबा पेटीसमोर खुर्ची टाकून बसले होते. सरडा ऊन समजून दिव्याखाली तोंड उघडं टाकून पडला होता. मग त्याने पुढचा एक पाय उचलला आणि हवेत संथपणे गोल फिरवला. या जातीचे सरडे असं करतात. मी तुझ्याशी भांडणार नाही, असं सांगायची ती खूण आहे.

"सभेत हार घालून बसलेला पाहुणा असाच हात करतो," बाबा म्हणाले आणि स्वतःचा हात तसाच फिरवून दाखवला.

त्याला ठेवणं सोपं नव्हतं. पेटीचा एक कोपरा भट्टीसारखा तापलेला हवा, दुसरा गार. एक खास दिवा हवा, ज्याच्या उजेडाशिवाय त्याची हाडं रबरासारखी होतात. हिरवा पाला रोज ताजा. शेवग्याची पानं, दुधीचा कीस, जास्वंदीची फुलं त्याला आवडायची. पालक द्यायचा नाही. आणि किडे हवेतच. किडे म्हणजे विकतचे, मुंबईहून कुरिअरने डब्यात येणारे. नाशिकच्या उन्हात निम्मे वाटेतच मेलेले असायचे. मला ते डबे बघून संताप यायचा. जगातली प्रत्येक गोष्ट डब्यात घालून विकायची, नाकतोडेसुद्धा!

हळूहळू कळलं, की इंदिरानगरमध्येच असे सरडे असलेली दहाबारा घरं आहेत. रविवारी सकाळी त्यातले बरेचजण जॉगिंग ट्रॅकजवळच्या गवतावर सरडे उन्हाला घेऊन यायचे. चालायला आलेले लोक थबकायचे. "डायनासोर आणलाय का काय?" हा प्रश्न दर रविवारी किमान एकदा यायचा. तिथेच मला काका-काकू भेटले. काका एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. सरडा त्यांच्या मुलीचा. ती लग्न होऊन पुण्याला गेली, तिच्या सासरी कुणालाच हा प्राणी चालला नाही.

"लेक सासरी गेली आणि हा माहेरी राहिला," काकू म्हणायच्या. टॉवेलात गुंडाळलेला सरडा त्या छातीशी धरून आणायच्या.

"अर्ध्या तिकिटाचा प्रवासी आहे," काका म्हणायचे. "बसायला जागा मात्र पूर्ण लागते."

"गप्प बसा हो. त्याला ऐकू येतं."

पहिल्याच भेटीत काकूंनी मला विचारलं, "तू त्या पत्रकवाल्यांची ना?" मग त्यांनी सांगितलं, की पाल अंगावर पडली की त्या डोक्यावरून आंघोळ करायच्या, भर थंडीत, आजारी असताना सुद्धा. एक दिवस बाबांनी त्यांच्या हातात तो पालीचा कागद दिला. "तुझे बाबा दारात उभे राहिले. मी म्हटलं, आमच्या सासूबाईंना हे पटणार नाही. ते म्हणाले, तुम्हाला पटलं का? असं मला कधी कोणी विचारलंच नव्हतं." त्यांनी टॉवेल बाजूला केला. सरड्याने डोळे मिटले होते. "तेव्हाच्या मला हे दाखवलं असतं, तर मी घर सोडून पळाले असते."

त्या गवतावर दर रविवारी तेच ते प्रश्न निघायचे, आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं. कोणी सरड्याला दूध द्यायचं, कोणी पोळी. एकाने त्याला गळ्यात पट्टा बांधून मॉलमध्ये नेलं होतं. माझं रक्त उसळायचं. मी ठरवलं, पत्रक काढायचं. मथळा ठरला : पाळू नये, पाळलाच असेल तर. अर्ध्या कागदावर पाठपोट दहा मुद्दे. पहिल्या मुद्द्यातच मी हा सगळा धंदा झोडपला होता.

सातवा मुद्दा किड्यांचा होता.

तो लिहिण्याच्या आदल्या रविवारी मी दिंडोरीला मामाकडे गेले होते. मामाची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी होऊन नवी फूट आली होती. मी मोठी बरणी घेऊन गेले होते. मामाने बरणी बघितली.

"काय गं, लोणचं न्यायला आलीस का?"

"नाकतोडे हवेत, मामा. लेखासाठी. अभ्यास करायचाय."

"लेख लिव्हायला नाकतोडे लागतात व्हय?" मामा मोठ्याने हसला. "घे की, लय हायेत. पण बागेत शिरू नको हां, सकाळीच औषध मारलंय. अंगाला खाज सुटंल. बांधावरनं काय घ्यायचं ते घे."

मी खोटं बोलले. सरड्यासाठी म्हणायची मला लाज वाटली. मामाकडे पहाटे चारला उठून डबा घेऊन येणाऱ्या बायका बागेत राबत होत्या आणि मी, जन्मभर त्यांच्या मजुरीवर लिहिणारी, माझ्या घरच्या काचेच्या पेटीतल्या परदेशी सरड्याचा खाऊ गोळा करायला आले होते. हे मला माझ्याच तोंडाने म्हणवेना.

बागेत मी शिरले नाही. बांधावर फिरले. नाकतोडे गवताच्या पात्यांवर बसले होते आणि मी नुसता हात पुढे केला की हातात येत होते. उडी मारायचे तेही जवळच, आळसावल्यासारखे. तासाभरात बरणी भरली. मला वाटलं, मला हे जमतं. शहरातल्या लोकांना उगाच वाटतं की कीटक पकडणं अवघड असतं.

घरी आले तर आमचा सरडा कात टाकत होता. कात टाकताना तो खात नाही. दोन दिवसांत बरणीतले सगळे नाकतोडे मेले. झाकणाला भोकं कमी पडली असणार, असं मी ठरवलं आणि झाकणाला आणखी भोकं पाडली. त्याच दिवशी मी सातवा मुद्दा लिहून काढला. शब्द अजून पाठ आहेत : किडे विकत घेऊ नका. आपल्या आसपासच्या शेतांच्या बांधावर भरपूर नाकतोडे असतात, ते सहज हाताने पकडता येतात. ताजे, फुकट आणि बाजाराच्या तावडीतून मुक्त.

आईने शुद्धलेखन तपासलं. बाबांनी वाचून विचारलं, "हे सगळं करून बघितलंयस ना?"

"हो," मी म्हणाले. पकडून बघितलं होतंच.

रविवारी गवतावर पत्रकं वाटली. प्रत्येकाच्या हातात दिली, उभी राहिले, ऐकलं. उरलेल्यातली बारा मी कॉलेज रोडवरच्या एका पाळीव प्राण्यांच्या दुकानाच्या काउंटरवर ठेवली. घरातला पहिला नियम तिथेच मोडला होता, पण ते तेव्हा किरकोळ वाटलं. काकूंनी पत्रक पर्समध्ये घडी घालून ठेवलं. काका म्हणाले, "मखमलाबादला माझ्या मित्राची बाग आहे. जातो स्कूटरवर. फुकटचा प्रवास, फुकटचा खाऊ."

पुढच्या रविवारी मी पुन्हा मामाकडे जाऊन बरणी भरून आणली. आता सरड्याची कात निघाली होती, अंग नव्या नाण्यासारखं चमकत होतं. संध्याकाळी मी त्याला तीन नाकतोडे दिले. त्याने दोन खाल्ले आणि तिसरा तोंडातून टाकून दिला. सोमवारी सकाळी बघितलं तर त्याची दाढी काळी पडली होती. त्याचं डोकं एका बाजूला ओढलं जात होतं आणि मागचे पाय थरथरत होते. मी त्याला हातावर घेतलं. त्याने पुढचा पाय उचलायला बघितला आणि तो पाय तसाच हवेत कापत राहिला.

पंचवटीत जनावरांचे एक डॉक्टर आहेत. त्यांच्याकडे कुत्री आणि गाई येतात. सरडा त्यांनी क्वचितच पाहिला असेल, पण त्यांनी हात धुतले, चष्मा लावला आणि विचारलं, "काय खायला दिलं?"

"नाकतोडे."

"कुठले?"

"दिंडोरीचे. बांधावरचे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "छाटणी झालेल्या बागेच्या बांधावरचे?"

 नाशिकला वाढलेल्या माणसाला याच्यापुढे काही विचारावं लागत नाही. छाटणीनंतर इथे किती फवारण्या होतात ते मला माहीत होतं. मी त्यावर लिहिलं होतं. फवारणी करणाऱ्या मजुरांना हातमोजे मिळत नाहीत म्हणून मी एक अख्खं पत्रक काढलं होतं.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, कातडीखाली सलाईन दिलं. "दोनच खाल्लेत, बघू. उबेत ठेवा. आणखी कोणाला असं खायला सांगितलं नाहीत ना?"

बाहेर आल्याबरोबर मी मामाला फोन लावला आणि खरं सांगितलं. 

"आगं, अभ्यासाला म्हनली व्हतीस ना तू?"

"हो."

"मला म्हनली असतीस त्याला चारायचेत, तर हात लावू दिला नसता. फवारायच्या ब्लोअरचं औषध बांधापर्यंत उडतंच की." मग तो म्हणाला, "आन हातानं कसे घावले गं तुला? धडधाकट नाकतोडा हाती लागतो का कुणाच्या? मरायला टेकले व्हते म्हनून घावले."

तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. मला ही वेळ पक्की आठवते, कारण पुढे मला ती लिहावी लागली.

सरडेवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटावर मी लगेच संदेश टाकला : सातवा मुद्दा रद्द, नाकतोडे देऊ नका. मग घरी गेले. सरड्याला दिव्याखाली ठेवलं आणि दुरुस्तीपत्रक लिहायला बसले.

त्या दिवसासारखं मी क्वचितच लिहिलं असेल. विषाला औषध म्हणायला शिकवणारी व्यवस्था, अशी सुरुवात केली. निर्यातीच्या द्राक्षांची चकाकी, परदेशातल्या तपासण्यांसाठी जपलेला प्रत्येक घड, आणि त्या घडाच्या सावलीत मरणारा नाकतोडा, मजुरीण, सरडा. एक पान झालं, दोन झाली. मध्ये उठून मी सरड्याला बघून येत होते. तो थरथरत होता, पण डोळे उघडत होता. मी परत येऊन आणखी एक परिच्छेद लिहीत होते. जेवले नाही. मी किती रागावले होते आणि तो राग किती योग्य होता! त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, हे मी आजही म्हणेन.

बाबा पाच-साडेपाचला आले. त्यांनी आधी सरड्याला बघितलं, मग माझी दोन पानं वाचली. उभ्यानेच वाचली.

"हे चांगलं आहे," ते म्हणाले. "पण हे नवीन पत्रक झालं. दुरुस्ती कुठे आहे?"

"ही काय. दुसऱ्या पानावर, खाली."

"यात कंपन्या आहेत, सरकार आहे, बागायतदार आहेत. तू कुठे आहेस?" त्यांनी कागद टेबलावर ठेवले. "आणि कोणाकोणाकडे जाऊन आलीस?"

"गटावर टाकलंय सकाळीच."

"पत्रक गटावर दिलं होतंस?"

मी उठले. चपला शोधताना मला आठवलं, काकूंचा फोन साधा आहे, आणि काका व्हॉट्सॲप आठवड्यातून एकदा, नातवाचे फोटो बघायला उघडतात.

काकूंचं घर आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर. मी धावतच गेले. दार काकूंनीच उघडलं. त्यांच्या ओढणीला हळद लागली होती.

"काकू, नाकतोडे आणलेत का तुम्ही?"

"हो, हे आज सकाळीच घेऊन आले मखमलाबादहून. काय फडशा पाडला म्हणून सांगू! एक वाजता दिले, चारपाच एकदम. आता मात्र सुस्तावून पडलाय. आत ये ना."

तो दिव्याखाली नव्हता. पेटीच्या गार कोपऱ्यात पोटावर सपाट पडला होता आणि त्याची दाढी काळी होती. माझ्या चेहऱ्याकडे बघून काकूंचा आवाज बदलला. "काय झालं?"

काकांनी स्कूटर काढली. मी मागे बसले आणि सरडा टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला. द्वारका चौकात सिग्नलला काका काही बोलले नाहीत, एरवी ते प्रत्येक सिग्नलला बसचा थांबा असल्यासारखा पुकारा करायचे. डॉक्टरांनी मला बघितलं आणि लगेच हात धुतले. त्यांनी तेच इंजेक्शन, तेच सलाईन दिलं. मग काकांना म्हणाले, "जास्त खाल्लेत. आणि वेळ गेलाय. चारपाच तास आधी आणला असतात, तर पोट धुऊन बघितलं असतं."

मंगळवारी सकाळी काकांचा फोन आला.

"उतरला गं आपला प्रवासी," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

आमचा सरडा त्याच दिवशी दुपारी स्वतः चालत दिव्याखाली गेला. त्याने तोंड उघडलं आणि तो ऊन खात पडला. आईने त्याच्यासमोर जास्वंदीचं फूल धरलं. ते त्याने खाल्लं. मी दुसऱ्या खोलीत गेले. माझ्याच्याने ते बघवलं नाही.

दोन पानं मी फाडली नाहीत, पण बाजूला ठेवली. नवीन कागद घेतला आणि इतकंच लिहिलं : मागच्या पत्रकातला सातवा मुद्दा चुकीचा आहे. शेताच्या, बागेच्या आसपासचे किडे सरड्याला देऊ नका. मी पकडलेले नाकतोडे सहज हाती लागले, कारण ते फवारणीच्या विषाने मरत होते. ते मी पाहिलं आणि ओळखलं नाही. खायला घालून बघण्याआधीच मी ते छापलं. सोमवारी सकाळी दहा वाजता मला चूक कळली. मी सांगायला संध्याकाळी सहाच्या सुमारास बाहेर पडले. त्या मधल्या वेळात एका घरचा सरडा ते किडे खाऊन मेला.

बाबांनी वाचलं. शुद्धलेखन आईला दिलं नाही, स्वतः बघितलं. मग शेवटच्या वाक्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे काकूंना विचारल्याशिवाय छापायचं नाही."

"त्यांना वेळ माहीत नाही, बाबा. दहाची."

"हो ना," ते म्हणाले. "म्हणूनच."

बाबा माझ्याबरोबर आले नाहीत. मीही त्यांना या म्हटलं नाही. जॉगिंग ट्रॅकच्या बाजूने जाताना मला दोनदा वाटलं, शेवटची तीन वाक्यं काढून टाकावीत. पहिल्या पाच वाक्यांत दुरुस्ती पूर्ण होते. कोणाचा जीव वाचायचा असेल तर तो त्या पाच वाक्यांनी वाचेल. दहाची वेळ सांगून कोणाचं काय भलं होणार होतं? काकूंना फक्त जास्त दुखणार होतं. हा युक्तिवाद अजिबात वाईट नव्हता. मी आयुष्यभर इतरांच्या तोंडून असे युक्तिवाद ऐकले होते आणि त्यांच्यावर पत्रकं काढली होती.

काकूंनी दार उघडलं. आतल्या खोलीत पेटीतला दिवा अजून चालू होता.

"बंद करायला हात धजत नाही," त्या म्हणाल्या. "तुळशीच्या मागे पुरला यांनी. लेकीला अजून सांगितलं नाही. बस."

मी बसले नाही. कागद त्यांच्या हातात दिला. "छापायच्या आधी तुम्हाला विचारायला आले. शेवटचं वाक्य तुमचं आहे."

त्यांनी चष्मा आणला आणि खिडकीजवळ उभं राहून वाचायला लागल्या. पालीचा कागदही त्यांनी असाच वाचला असेल का, असं माझ्या मनात आलं. त्यांचे ओठ हलत होते. मग थांबले.

"दहा वाजता?"

"हो."

"मी एकला दिले."

"हो, काकू."

"दहाला तुला कळलं होतं." त्या माझ्याकडे न बघता कागदाकडेच बघत होत्या. "मग काय करत होतीस?"

"पत्रक लिहीत होते."

"हे?"

"नाही. दुसरं. मोठं. औषधांच्या विरोधात."

 आतून काकांनी विचारलं, "कोण आहे गं?" काकूंनी हातानेच त्यांना थांबवलं.

"चांगलं लिहिलं होतंस?"

"हो."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं होतं त्या ओरडतील. मी त्याची तयारी करून आले होते, आमच्या पहिल्या नियमाप्रमाणे उभी राहून सगळं ऐकून घेणार होते. पण त्या आत गेल्या आणि पर्स घेऊन आल्या. तिच्यातून त्यांनी सरड्यांवरचं माझं पत्रक काढलं. घडीवर ते मऊ पडलं होतं. सातव्या मुद्द्याखाली पेन्सिलने रेघ मारलेली होती.

"तुमच्या घरचा कागद म्हणून मी विश्वास ठेवला," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाचा असता तर डॉक्टरला विचारलं असतं." पत्रक त्यांनी माझ्या हातात ठेवलं. नवा कागद मात्र परत दिला नाही. टेबलावरचं पेन उचलून त्यांनी त्यावर काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं आणि मग तो मला दिला. 'एका घरचा' या शब्दांवर काट होती. वर लिहिलं होतं, 'इंदिरानगरच्या कंडक्टरकाकूंचा'.

"एका घरचा म्हणजे कोणाचाच नाही," त्या म्हणाल्या. "लोकांना कळू दे. कोणाला खोटं वाटलं, तर मला येऊन विचारतील."

"काकू, मी..."

"आता इथे उभी राहू नकोस. दुकानात पण ठेवली होतीस ना? ती कोणी नेली?"

"माहीत नाही."

"मग जा ना. माझ्यापाशी काय थांबलीस?"

त्यांनी दार लावलं. आपटलं नाही, नेहमीसारखं लावलं. आतून कडीचा आवाज आला.

छापायला जायच्या आधीच मी कॉलेज रोडला गेले. दुकानदाराने बारापैकी सात माणसांचा पत्ता लावायला मदत केली, कारण ती त्याची रोजची गिऱ्हाइकं होती. सातही घरी मी गेले, आणि गवतावरच्या बाकीच्यांच्या घरीही. एकाने मला बसवून चहा दिला, एकाने कानउघाडणी केली. एका घरी बरणीत नाकतोडे ठेवलेले होते, अजून दिले नव्हते. ती बरणी मी त्यांच्याकडून घेऊन आले. उरलेली पाच पत्रकं कोणी नेली ते दुकानदाराला आठवेना. दुरुस्तीचा कागद मी त्याच्या काचेवर आतून चिकटवला आहे. दर पंधरा दिवसांनी जाऊन मी तो बदलते, कारण दुपारच्या उन्हाने अक्षरं फिकी पडतात. दर वेळी मी दुकानदाराला विचारते, कोणी आलं होतं का. तो म्हणतो, नाही.

काकू रविवारी गवतावर येत नाहीत. काका एकदा आले होते, रिकाम्या हाताने. आमच्या सरड्याने त्यांना बघून पाय उचलला आणि हवेत फिरवला. काकांनी तिकडे बघितलं आणि स्वतःचा हात खिशात घातला.